आमच्या होडीत पापलेट हाय

मनीषने आपल्या आईचा ‘आ’ मोजायला घेतला आणि घरातला पंखा गेला, तिथून या प्रकरणाची सुरुवात झाली. आईचा ‘आ’ आणि छताचा पंखा यांचा एकमेकांशी काय संबंध, असं कोणालाही वाटेल. तसा तो काहीच नव्हता. पण मनीषने एखाद्या कामात हात घातला की जिथे संबंध नसतो तिथे तो जुळून येतो, ही गोष्ट बोईसरच्या त्यांच्या सोसायटीत सगळ्यांना ठाऊक होती. ठाऊक नव्हती ती फक्त मनीषला.

काम मुळात त्याचं नव्हतंच. ते होतं त्याच्या बायकोचं, वर्षाराणीचं. लग्न करून बीडहून इकडे आल्यावर तिचं शिक्षण जे सुटलं ते तिने आता घरबसल्या, टपालाने आणि मोबाइलवर, एम.ए.पर्यंत ओढत आणलं होतं. विषय भाषाशास्त्र. शेवटचा एक प्रकल्प तेवढा बाकी होता: किनाऱ्यावरच्या कोळणींच्या बोलण्यातले स्वर मोजायचे. होळी झाली की मुदत संपणार होती. ती चुकली तर नोंदणी बाद आणि पुन्हा पहिल्यापासून श्रीगणेशा. हे सांगताना वर्षाराणी आवाज अजिबात चढवायची नाही, नुसती खिडकीबाहेर बघायची. त्या बघण्याने मनीष हातातलं काम टाकून उठायचा.

स्वर मोजायचे म्हणजे काय, हे तिने त्याला एकदा मेथी निवडता निवडता समजावलं. माणूस ‘आ’ म्हणो नाहीतर ‘ई’, गळ्यातून आवाज तोच निघतो. तोंडाच्या पोकळीचा आकार बदलतो म्हणून तो वेगवेगळा घुमतो. संगणकावर त्याचं चित्र काढता येतं, त्याला स्पेक्ट्रोग्राम म्हणतात. त्यात आडवे काळे पट्टे दिसतात, ते फॉर्मंट. खालचा पहिला पट्टा जितका वर, तितकं तोंड जास्त उघडलेलं. दुसरा पट्टा जितका वर, तितकी जीभ पुढे. एवढ्या सोप्या शब्दांत तिने नवऱ्याला समजावलं, आणि तिथेच ती चुकली.

कारण मनीष तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात पंपांची थरथर मोजायच्या कामावर होता. पंपाला यंत्र लावायचं, पडद्यावर रेघा बघायच्या आणि कोणतं बेअरिंग कुरकुरतंय ते सांगायचं, ही त्याची रोजीरोटी.

“अगं, हे तर माझंच काम!” तो मेथीची जुडी बाजूला सारून म्हणाला. “बाई काय आणि पंप काय, थरथरतं म्हणजे झालं. तू बस. मी बघतो.”

गेली कित्येक वर्षं वर्षाराणीला ‘तू बस, मी बघतो’ या चार शब्दांइतकी भीती दुसऱ्या कशाचीच वाटली नव्हती.

चाचणीसाठी घरातलं माणूस म्हणून साखरबाई, म्हणजे मनीषची आई, खुर्चीत बसवली गेली. मनीषने तिच्यासमोर माइक धरला. “आई, आ म्हण.”

“कशापायी रं? डाक्टरवानी जीभ बघतुस व्हय?”

“आ म्हण गं नुसतं.”

साखरबाईंनी असा ‘आ’ दिला की समोरच्या घरातले प्रदीपराव दार उघडून बाहेर आले. मनीष मात्र पडद्यावर तळाशी आलेल्या सरळसोट रेघांकडे टक लावून बघत होता. त्याचा चेहरा गंभीर झाला. “बेअरिंग गेलंय,” तो म्हणाला.

“माझं?” साखरबाईंनी छातीला हात लावला.

“पंख्याचं.”

तासाभरात पंखा जमिनीवर आला. आतलं बेअरिंग लख्ख होतं. मग ते जागच्या जागी बसवलं, तर दोन स्क्रू उरले. उरलेले स्क्रू हे जास्तीचे असतात, असं मनीषचं एक मत आहे. पंख्याचं तसं मत नसावं, कारण तो पुन्हा फिरलाच नाही. रेघा विजेच्या गुणगुणण्याच्या होत्या, हे वर्षाराणीने नंतर सांगितलं. तिने ते आधीही सांगितलं होतं, पण तेव्हा मनीष शिडीवर होता आणि शिडीवरच्या माणसाला खालचं ऐकू येत नाही.

प्रदीपराव हे वीज खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. सल्ला हा त्यांचा स्वभाव होता. मागायची वाट बघणं त्यांना कमीपणाचं वाटे. “मनीषराव, तुमची अडचण आवाज नाहीये,” ते पंख्याच्या पात्याला हात लावून म्हणाले. “तुमची अडचण शांतता आहे. आणि बोईसरमध्ये शांतता आणणार कुठून?”

यात तथ्य होतं. गाडी, मालगाडी, पाळीच्या बसचा भोंगा, रिक्षांची गाणी, आणि खुद्द प्रदीपरावांच्या घरातला मिक्सर. त्यावर उपायही त्यांनीच काढला: गोधड्या. गोधडी आवाज पिते म्हणे. साखरबाईंनी बीडहून जिवापाड जपून आणलेल्या गोधड्या कॉटभोवती बांधून एक तंबू उभा राहिला. प्रयोगासाठी मनीष स्वतः आत शिरला, थोड्या वेळाने घामाने निथळत बाहेर आला आणि “उत्तम शांतता आहे” एवढं बोलून भिंतीला टेकून बसला.

आता कोळीण हवी होती. ती बुधवारी आपणहून आली. जमना त्यांच्या जिन्यात मासळीची पाटी घेऊन यायची. वर्षाराणी आणि तिची चांगली गट्टी होती. वर्षाराणी मासळी खायला जमनाकडूनच शिकली होती, आणि साखरबाई तर आता काट्यासकट बोंबील खात. मनीषने अदबीने तंबूचा पडदा वर केला. “या ना, जमनाबाई. आत बसा आणि मनमोकळं बोला.”

जमनाने आत डोकावलं, मग मनीषकडे बघितलं. “मना काय सर्दी झालीय का काय, गोदडीत बसून वाफ घ्यायला? वयनी, तुज्या नवऱ्याला बरा हाय ना?”

वर्षाराणीने सगळं सांगितलं. परीक्षा, मुदत, सगळं. जमना पाटी खाली ठेवून ऐकत राहिली. तिला फॉर्मंट काही कळला नाही, पण सुटलेलं शिक्षण तिला बरोबर कळलं. “आमच्या गावात ये पुडच्या शुक्रवारी,” ती म्हणाली. “बायका जमवते मी. आमच्या जाल्यांच्या खोलीत बस. तितं तुला माशीचा पन आवाज नाय यायचा.”

खरं तर काम इथेच झालं होतं. पण वर्षाराणीच्या मार्गदर्शक चारुता मॅडम यांनी फोनवर सांगितलं, की गावात नमुने घेण्यापूर्वी स्थानिक परवानगीचं पत्र जोडावं. मनीष म्हणाला, “तू बस. मी बघतो.”

गावच्या पंचायतीत त्याने सांगितलं, “आवाजाचे नमुने घ्यायचेत.” तिथल्या ग्रामसेवक भाऊसाहेबांना पाण्याचे नमुने माहीत होते, मातीचे माहीत होते. आवाजाचे नमुने कोणत्या बाटलीत नेणार, एवढंच त्यांनी विचारलं आणि त्याला पालघरला धाडलं. पालघरच्या कचेरीत तीन मजले आणि पाच टेबलं फिरल्यावर एका साहेबांनी अर्ज डोळ्यांजवळ धरला. “आवाज. म्हणजे ध्वनिप्रदूषण.”

“नाही हो, बायका बोलतात, त्याचा अभ्यास.”

“तेच ते. किती डेसिबल बोलतात?”

“मोजलं नाही.”

“मोजून आणा. मर्यादेबाहेर असेल तर नोटीस काढू.”

कोळीवाड्यातल्या बायकांना हळू बोलायची सरकारी नोटीस नेऊन देणारा माणूस म्हणून आपलं काय होईल, हे चित्र मनीषच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं आणि तो अर्ज घेऊन जिने उतरला. शेवटी जमनानेच पंचायतीत जाऊन पत्र आणलं. तिने तिथे काय सांगितलं ते कळलं नाही, पण भाऊसाहेबांनी शिक्का दोनदा मारला होता.

या अपमानाचं उट्टं मनीषने एका वेगळ्याच ठिकाणी काढलं. वर्षाराणीने बायकांकडून वदवून घ्यायची वाक्यं लिहिली होती. ‘आता मी ताट म्हणते’, ‘आता मी पीठ म्हणते’, असं प्रत्येक वाक्य पाच पाच वेळा. सगळे स्वर एकाच साच्यात यावेत, हा त्यातला हेतू. मनीषला ती वाक्यं मिळमिळीत वाटली. कोळणींना ताट आणि पिठाचं काय? त्यांना त्यांच्या जगातलं काहीतरी हवं. म्हणून गुरुवारी वर्षाराणी स्वयंपाकात असताना त्याने त्या वाक्यांना समुद्राचा स्पर्श दिला. एखाद्या कवीला कडवं सुचावं तसा नवा साचा त्याला झटक्यात सुचला.

तारापूरच्या कारखान्यांना आठवड्याची सुट्टी शुक्रवारी असते. शिमगा तोंडावर आला होता आणि समुद्रावर गेलेल्या होड्या सणासाठी परतायच्या होत्या. जमनाचा नवरा चिंतूही त्याच दुपारच्या भरतीला यायचा होता. किनाऱ्यावरच्या त्या गावात वर्षाराणी आणि मनीष पोचले तेव्हा जाळ्यांच्या खोलीत बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. ठेवणीतली लुगडी, भरगच्च गजरे. भिंतीला छतापर्यंत जाळी रचलेली, त्यामुळे आवाज घुमत नव्हता. वर्षाराणीचा चेहरा फुलला. गोधड्यांनी जे साधलं नाही ते जाळ्यांनी साधलं होतं.

फक्त एक घोटाळा झाला. आत्तापर्यंत घरच्यासारख्या कलकलाट करणाऱ्या त्या बायका माइक पुढे येताच बातम्या देऊ लागल्या. “नमस्कार. माझे नाव जमना आहे. आमचा व्यवसाय मासेमारी आहे,” असं जमना म्हणाली, आणि वर्षाराणीने कपाळाला हात लावला. यातला एक ‘आ’सुद्धा तिच्या उपयोगाचा नव्हता. पाहुणीसमोर, आणि तेही मशीनमध्ये, आपलं घरचं बोलणं बोलायचं म्हणजे फाटक्या लुगड्यात लग्नाला गेल्यासारखं, असं त्यांचं म्हणणं.

“वाक्यं घेऊ,” मनीष पुढे सरसावला. “आधी मी म्हणतो, मग तुम्ही म्हणा.” त्याने घसा साफ केला आणि खणखणीत आवाजात वाचलं, “आमच्या होडीत भोक आहे.”

जमनाची सासू ठमी पहिल्या ओळीत बसली होती. शहाण्या विद्यार्थिनीसारखं तिने स्पष्ट म्हटलं, “आमच्या होडीत भोक आहे.”

“छान! आता, आमच्या होडीत पाणी आहे.”

ठमीने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. मग तिने स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतली. खोलीत अशी शांतता पसरली की प्रदीपरावांनी ती बघायला हवी होती.

त्यानंतर जमना जे बोलली त्यात बातम्यांचा मागमूस नव्हता. “मुडद्या, बाप्ये दर्यावर हायत आमचे! होरीत पानी हाय बोलतो? माज्या सासूच्या तोंडून वदवतो? तुजी जीब झडली नाय ती?” तिच्या पाठोपाठ सगळ्याच उठल्या. शिमगा अजून व्हायचा होता, पण मनीषचा शिमगा तिथेच साजरा झाला. त्याच्या सात पिढ्या निघाल्या, त्यातल्या काही त्यालाही माहीत नव्हत्या. आणि या सगळ्यात रेकॉर्डर चालू होता. मनीषचे डोळे लॅपटॉपच्या पडद्यावर गेले. पट्टे असे काळेभोर, असे ठसठशीत उमटत होते, की त्याचं भान सुटलं.

“अगं वर्षा, बघ!” तो हर्षभराने ओरडला. “काय सुंदर ‘आ’ आलाय!”

शुभ बोल नाऱ्या म्हटलं तर मांडवाला आग लागली म्हणणारा तो नाऱ्या, पण त्याने निदान आगीची तारीफ केली नव्हती.

जमना थांबली. मग ती मनीषकडे न बघता वर्षाराणीसमोर येऊन उभी राहिली. तिचा आवाज खाली आला होता. “वयनी, ते मशीनीत गेला ना? मंग ते तितं बोलतच राहील. माज्या सासूचा पन. काडून टाक.”

मनीषने बायकोच्या कानाशी तोंड नेलं. “वेडी आहेस का? तुला हवे ते सगळे स्वर आहेत यात. आता या बायका पुन्हा उभ्या करणार नाहीत आपल्याला. डिग्री जाईल तुझी. ही शुद्ध अंधश्रद्धा आहे.”

“अहो,” वर्षाराणी म्हणाली, “सकाळी रिक्षा आणायला निघताना तुम्ही ‘जातो’ म्हणालात, तर आईंनी उंबऱ्यात अडवून ‘येतो’ म्हणायला लावलं. बोईसर नाक्यापर्यंत जायचं होतं तुम्हाला. यांची माणसं समुद्रात आहेत.”

आणि तिने ते पुसलं. कुठे लपवून ठेवलं नाही, प्रत काढली नाही. जमनाच्या डोळ्यांदेखत, एक एक करून, ठमीच्या वाक्यापासून मनीषच्या सात पिढ्यांपर्यंत सगळं पुसलं. मग रेकॉर्डर पिशवीत घातला. तिचे हात थरथरत होते, आणि थरथर ओळखण्यात मनीषचा हात कोणी धरला नसता. त्याला फार वाईट वाटलं.

भरती आली. होड्या आल्या. चिंतूची आली नाही.

रिक्षावाला दोनदा बोलवायला आला, पण मनीष हलेना. बोंबील वाळवायच्या दांड्यांखाली तो वाळूत बसून राहिला. आपण विज्ञानाची माणसं, वाक्याने होडीला भोक पडत नाही, हे तो मनाशी घोकत होता. घोकताना हात मात्र जोडलेले होते. जरा अंतरावर जमना उभी होती, तिच्या शेजारी वर्षाराणी. ठमी खोलीतून बाहेरच आली नव्हती. फोन लागत नव्हता. अख्खा किनारा मनीषकडे बघत नव्हता, आणि ते त्याला बघण्यापेक्षा जड जात होतं.

उन्हं कलली तेव्हा दुसऱ्या एका होडीने दोराने ओढत चिंतूची होडी आणली. इंजिन बंद पडलं होतं. चिंतू उडी मारून पाण्यात उतरला. बायका का रडतायत ते त्याला कळेना. त्याला भूक लागली होती. “इंजिन सकालीच गेला,” तो म्हणाला, “मंग काय, बसलो ओढनाऱ्या होरीची वाट बगत.”

मनीष ताडकन उठला. “सकाळी! ऐकलंत? सकाळी बंद पडलं. मी तर दुपारी बोललो!”

जमनाने पदराने डोळे पुसले. “तू दुपारी बोलनार हायस, ता इंजिनाला सकालीच कलला.”

यावर पंपशास्त्रात उत्तर नाही. मनीष परत बसला. तेवढ्यात ठमी काठी टेकत बाहेर आली. लेकाला तिने डोक्यापासून पायापर्यंत चाचपलं, मग काठी मनीषच्या छातीवर ठेवली. “पुसून काय व्हतं? वाकडा बोललास, आता सरल बोल. त्याच मशीनीत. सगल्या होऱ्या परत दर्यावर जायच्यात.”

सगळे पुन्हा जाळ्यांच्या खोलीत गेले. मनीष माइकपुढे मांडी घालून बसला. “आमच्या होडीत पापलेट आहे.”

“आहे नाय. हाय,” ठमी म्हणाली. “तुज्या आहेला आमचा मासा नाय यायचा. आणि तोंड उगड नीट.”

“आमच्या होडीत पापलेट हाय.”

“परत.”

त्याच्याकडून ते पाच वेळा वदवून घेतलं गेलं. मग ठमीने माइक आपल्याकडे ओढला, डोळे मिटले, आणि लेकाच्या होडीत सुरमई घातली. जमनाने घोळ घातला. मग कोणाची कोलंबी, कोणाचा रावस, कोणाची मुशी, शिंगाळा, ढोमा. कोणालाही बातम्यांची आठवण उरली नव्हती. आपापल्या माणसाच्या होडीत मासळी भरताना कोणी परकं बोलणं बोलतं का? प्रत्येक वाक्याचा साचा तोच, मधला मासा तेवढा वेगळा. वर्षाराणी थक्क होऊन ऐकत होती. आ, ई, उ, ए, ओ, मराठीतला एकही स्वर समुद्राने शिल्लक ठेवला नव्हता. तिने फक्त एकदा घाबरत घाबरत विचारलं, “पाच पाच वेळा म्हणाल?”

“पाच कशाला,” जमना म्हणाली, “होरी माशांनी बरेपर्यंत बोलू.”

होळीच्या आधी वर्षाराणीचा प्रकल्प वेळेत पोचला आणि ती पास झाली. चारुता मॅडमनी तोंडी परीक्षेत एकच शंका काढली. आलेखात वरच्या टोकाला, बायकांच्याही पलीकडे, एक ठिपका एकटाच पडला होता. “या व्यक्तीने तोंड प्रमाणाबाहेर उघडलेलं दिसतंय. ही कोण?”

“ते आमचे हे,” वर्षाराणी म्हणाली. मॅडमनी पुढचं पान उलटलं. साखरबाईंना मात्र लेकाचा ठिपका सगळ्यात वर गेल्याचा फार अभिमान वाटला आणि त्यांनी तो प्रदीपरावांना नेऊन दाखवला.

इथे हे प्रकरण संपायला हवं होतं. पण इंजिन दुरुस्त झाल्यावर चिंतूची होडी पहिल्यांदा गेली ती खरोखरच पापलेट घेऊन आली. योगायोग, असं मनीष दहा वेळा म्हणाला. त्यानंतरच्या फेरीला, भर कामाच्या वेळी, कारखान्याच्या कंट्रोल रूममध्ये त्याचा फोन वाजला. जमना होती.

“बाऊ, होरी निगाली. बोल.”

मनीषने आजूबाजूला पाहिलं. साहेब होते, पाळीतली सगळी मंडळी होती. तो कोपऱ्यात तोंड घालून पुटपुटला.

“ऐकू नाय आला. तोंड उगड.”

त्याने उघडलं. पडद्यांवरच्या सगळ्या पंपांच्या साक्षीने, काळे पट्टे उमटतील अशा स्वच्छ आवाजात, आमच्या होडीत पापलेट हाय असं त्याने पाच वेळा सांगितलं. साहेबांनी चष्मा काढून पुसला. हळूहळू सगळ्यांना सवय झाली. आपला यावर काडीचा विश्वास नाही, हे मनीष प्रत्येकाला वेगवेगळं गाठून समजावतो.

परवा मात्र चिंतू निघायचा दिवस होता आणि फोन आला नाही. मनीषचं कामात लक्ष लागेना. त्याने दोन वेळा फोन चार्जिंगला लावला, एकदा बंद करून चालू केला. जेवणाचा डबा तसाच राहिला. भरतीची वेळ टळायला आली, तेव्हा मात्र त्याच्याने राहवेना. सगळ्यांसमोर त्याने स्वतःच नंबर लावला.

“जमनाबाई, होडी निघाली की नाही? मी केव्हाचा तोंड उघडून बसलोय!”